लेण्यांत वटवाघळे, डोहात मुले

सुट्टीतल्या सहलींबद्दल या वेळी इतकी पत्रे आली की हे पानच त्यांना द्यावे लागत आहे. बहुतेक पत्रे हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याची आणि शेजारच्या गावांची आहेत. कुणी एका क्रूझरमध्ये दोन-तीन घरे बसवून लोणार-अजिंठ्याकडे निघाले आहे, कुणी उलट्या दिशेने माहूर, उनकेश्वर, सहस्रकुंड करणार आहे. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र केली आहेत. नावे अर्थातच छापलेली नाहीत.

डॉक्टरसाहेब, आम्ही तीन घरचे मिळून अजिंठ्याला जाणार आहोत. माझी मुले सहा आणि अकरा वर्षांची. परवा जाऊबाईंनी मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला की लेण्यातल्या वटवाघळांच्या नुसते खाली उभे राहिले तरी निपाह होतो. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. घरात सगळे म्हणतात गाडी ठरलीय, आता काय. मुलांना घेऊन मी घरीच राहू का? — एक आई, कनेरगाव नाका

घरी राहू नका, अजिंठा बघा. मेसेजमध्ये अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणूनच तो खरा वाटतो. निपाहचा विषाणू वटवाघळांत राहतो, मुख्यतः फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत. केरळात २०१८ साली कोझिकोडला त्याची साथ आली होती. आपल्याकडेही महाबळेश्वरजवळच्या एका गुहेतल्या वटवाघळांत २०२० साली घेतलेल्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या. पुढच्या वर्षी ती बातमी पेपरात आली आणि तिथून तुमच्या जाऊबाईंच्या मोबाईलपर्यंत पोहोचली असावी. मात्र त्या गुहेतून महाराष्ट्रात साथ आली नाही. हा विषाणू पसरतो तो वटवाघळांनी उष्टावलेल्या फळांतून, त्यांची लाळ किंवा लघवी पडलेल्या कच्च्या ताडरसातून आणि आजारी माणसाच्या अगदी जवळच्या सहवासातून. मोकळ्या तोंडाच्या लेण्यात छताला वटवाघूळ लटकलेले असताना खालून चालत जाणे या यादीत बसत नाही. झाडाखाली पडलेले, दात लागलेले पेरू-सीताफळ मुलांनी उचलून खाऊ नये, एवढे मात्र पाळा.

वटवाघळांच्या बाबतीत मी दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या मानतो. पहिली, जमिनीवर पडलेले वटवाघूळ मुलांनी हातात घेऊ नये. दिवसाउजेडी खाली पडलेले वटवाघूळ बहुधा आजारी असते. ते चावले किंवा नख लागले तर जखम कितीही बारीक असो, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. आपल्याकडे रेबीज होतो तो बहुतेक कुत्र्यांमुळे, पण वटवाघळाच्या चाव्याला नियम तोच. दुसरी गोष्ट विष्ठेची. वर्षानुवर्षे साचलेल्या, कोरड्या विष्ठेची धूळ श्वासात गेली तर हिस्टोप्लास्मोसिस (बुरशीमुळे होणारा फुप्फुसांचा आजार) होऊ शकतो. अजिंठ्याची लेणी रोज झाडली जातात, वारा खेळता असतो. पण आडबाजूच्या, कुणी न जाणाऱ्या कपारीत नाकात झणकणारा उग्र वास आला आणि पायाखाली विष्ठेचा थर लागला, तर मागे फिरावे. घरात कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असेल किंवा मूत्रपिंड बदललेले असेल, तर त्यांनी अशा जागी मुळीच शिरू नये.

अजिंठ्याला आग्या मोहोळ उठते म्हणतात. माझ्या मोठ्या मुलाला मागच्या वर्षी शेतात एकच गांधीलमाशी चावली, तर अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले. लेण्यात असे झाले तर मी पळणार कुठे? — एक वडील, सेनगाव तालुका

कड्यावर आग्या मोहोळे असतात, हे खरे. ती आपणहून क्वचितच उठतात. धूर, दगड, आरडाओरडा, कधी उग्र अत्तराचा वासही त्यांना पुरतो. उठलीच तर तोंड-डोळे टॉवेलने झाकून सरळ रेषेत दूर पळायचे, बंद गाडी किंवा खोली गाठायची. हात झटकायचे नाहीत आणि पाण्यात उडी मारायची नाही; माश्या वर घिरट्या घालत थांबतात. अंगात रुतलेले काटे नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढावेत.

तुमच्या मुलाचा प्रश्न मात्र सहलीच्या आधीचा आहे. एका चाव्याने अंगभर गांध्या आणि ओठांना सूज ही साधी सूज नव्हे, ती ॲलर्जी आहे. पुढच्या वेळी ती ॲनाफिलॅक्सिस (श्वास आणि रक्तदाब कोसळवणारी तीव्र ॲलर्जी) पर्यंत जाऊ शकते. तेव्हा निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, बरोबर कोणती औषधे ठेवायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या. आवाज घोगरा होणे, छातीत घरघर, उलट्या, चक्कर यातले काहीही दिसले तर गोळीचा परिणाम होण्याची वाट न बघता जवळचे रुग्णालय गाठावे. तिथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच खरा इलाज असतो.

मामाच्या गावी पडक्या गढीत एक भुयार आहे. पोरांनी बेत केलाय की मोबाईलच्या बॅटरीवर आत जायचे. मी नको म्हटले तर म्हणतात, मेणबत्ती घेऊन जाऊ, विझली तर परत येऊ. मला आमच्याकडे विहिरीत गुदमरून गेलेली दोन माणसे आठवतात. — एक काकू, कनेरगाव नाका

तुम्हाला विहीर आठवली, ती अगदी योग्य जागी आठवली. लेणे आणि भुयार यांत हवेचा फरक आहे. अजिंठा असो की माहूरची पांडवलेणी, कातळात कोरलेल्या या दालनांची तोंडे मोठी असतात, आतली हवा बाहेरच्या हवेशी खेळत राहते. भुयाराचे तोंड अरुंद, उतार खाली जाणारा, शेवट बंद. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि प्राणवायू कमी होत जातो. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस बसतो, मग त्याला काढायला उतरलेला दुसराही बसतो, ते याच कारणाने.

मेणबत्तीवर भरवसा नको. प्राणवायू बराच कमी झाल्यावर ती विझते हे खरे, पण हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू असेल तर ती जळत राहील आणि माणूस आधी कोसळेल. त्यात गढीचे बांधकाम पडके, आत साप असण्याचीही शक्यता. म्हणून या एका बेताला माझेही उत्तर नाही असेच आहे. मुलांना भुयाराच्या तोंडाशी फोटो काढू द्या. आत कुणी गेलेच आणि हाकेला ओ देईनासे झाले, तर त्याच्यामागे कुणीही उतरू नये. ११२ वर फोन करून अग्निशमन दलाची मदत मागवावी.

माझा मुलगा चौदा वर्षांचा. गावच्या विहिरीत तो माशासारखा पोहतो, वरून सूर मारतो. सहस्रकुंडला गेल्यावर तो डोहात उतरणारच, मला माहीत आहे. नवरा म्हणतो पोहता येतं, मग भीती कसली. मलाच वेड्यासारखी भीती वाटते की काय? — एक आई, कनेरगाव नाका

वेड्यासारखी अजिबात नाही. या गठ्ठ्यातल्या सगळ्या पत्रांत निपाह आहे, अमीबा आहे, लोणारचे गुलाबी पाणी आहे. साध्या बुडण्याबद्दल लिहिणाऱ्या तुम्ही जवळजवळ एकट्या आहात. आणि माणसे खरोखर दगावतात ती बुडून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात बुडून मरण पावलेल्यांची संख्या ३८ हजारांहून अधिक आहे. निपाहची बातमी होते, बुडण्याची चार ओळींची बातमी आतल्या पानावर जाते, म्हणून आपली भीती चुकीच्या दारात जाऊन बसते.

मुलाला विहिरीत पोहता येते हे चांगलेच आहे, त्याचे कौतुक करा. पण विहिरीतले पोहणे आणि नदीतले पोहणे ही दोन वेगळी कामे आहेत. विहिरीचे पाणी उभे असते, खोली ठाऊक असते, दमले की चार हातांवर काठ किंवा पायरी असते. सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या कातळावरून खाली कोसळते. कातळावर शेवाळ, कोसळत्या पाण्याखाली आत ओढणारी उलटी धार, मध्येच कपारी. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने अंग नेहमीसारखे तरंगत नाही. पाय कपारीत अडकला तर पोहण्याचे कौशल्य उपयोगाला येत नाही. आणि सूर मारणे तर मुळीच नको. गढूळ पाण्याखाली दोन हातांवर खडक असला तर मानेचा मणका मोडतो आणि हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. विहिरीत शंभरदा मारलेला सूर इथे काही शिकवत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या गावच्या लोकांना सहज कळेल. नाक्याजवळून वाहणारी हीच पैनगंगा पुढे इसापूर धरणात जाते, आणि सहस्रकुंड त्या धरणाच्याही खालच्या अंगाला आहे. धरणातून पाणी सोडले की सहस्रकुंडला आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते. पावसाळ्यात वर बुलढाणा-वाशिमकडे झालेला पाऊसही काही तासांनी खाली येतो. पाण्यात अचानक काडीकचरा वाहत येऊ लागला, पाणी गढूळ झाले, धबधब्याचा आवाज वाढला, की त्या क्षणी सगळ्यांनी वर यायचे. चपला आणि डबे तिथेच राहू द्यायचे. निघण्याच्या आदल्या दिवशी विसर्गाची बातमी पाहा आणि तिथल्या मंदिरातल्या किंवा दुकानातल्या माणसाला विचारा. कुठे उतरायचे नाही हे स्थानिक माणसाइतके कुणाला ठाऊक नसते. जिथे बंदीचा फलक आहे तिथे पाण्यात उतरूच नये.

उतरू द्यायचेच असेल तर धबधब्यापासून लांब, धार नसलेल्या, तळ दिसणाऱ्या, कमरेएवढ्या पाण्यात. लहान मुलांसाठी हात पुरेल इतक्या अंतरावर एक मोठा माणूस, आणि त्या माणसाच्या हातात मोबाईल नको. सगळे मिळून बघताहेत म्हणजे कुणीच बघत नाही, तेव्हा पाळी लावा आणि नाव घेऊन सांगा: आता पंधरा मिनिटे तू. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे वाचवा वाचवा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, डोळे काचेसारखे, हात बाजूला पाणी दाबत असलेले, आवाज नाही. लहान मूल मिनिटाच्या आत दिसेनासे होऊ शकते. खेळणारी मुले गप्प झाली की आधी तिकडे बघावे.

गाडीत एक दोर ठेवा, आठ-दहा वाव लांबीचा. त्याच्या टोकाला पाण्याचा पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून बांधा, तळाशी जेमतेम पेलाभर पाणी ठेवा म्हणजे तो नीट फेकता येतो. आपल्याकडे पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधतात, त्याचेच हे काम. कुणी बुडताना दिसले तर हा कॅन फेका. दोर नसेल तर साडी, धोतर, बांबू, फुगवलेली ट्यूब, जे हाताशी असेल ते. पोहता न येणाऱ्याने मागोमाग उडी मारू नये. एकाच घरची दोन-तीन माणसे एकाच डोहात जातात ती बहुतेक अशीच, एकमेकांना वाचवताना.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या डोळ्यांदेखत एका मुलाला तलावातून काढले. लोकांनी त्याला उलटे धरून गरगर फिरवले, पोटावर दाबून पाणी काढले. तो वाचला नाही. तेव्हापासून मला प्रश्न पडतो, आम्ही काही कमी केले का? — एक तरुण, हिंगोली

तुम्ही काठावर होता आणि मदतीला धावलात. त्यापुढचे ओझे मनावर ठेवू नका. पाण्याखाली किती वेळ गेला यावर बहुतेक सारे अवलंबून असते, आणि तो वेळ तुमच्या हातात नव्हता. उलटे धरण्याची पद्धत गावोगाव आहे, लोक ती चांगल्या हेतूनेच करतात. पण ती उपयोगाची नाही. पोटातले पाणी काढायचे नसते. पोट दाबले की ते पाणी आणि अन्न उलटून फुप्फुसात शिरते. शिवाय जी दोन मिनिटे फिरवण्यात जातात, ती मेंदूची शेवटची दोन मिनिटे असू शकतात.

बुडालेल्याला हवा कमी पडलेली असते, म्हणून आधी हवा द्यायची. सपाट जमिनीवर उताणे निजवा, हनुवटी वर उचलून मान जरा मागे करा. श्वास चालत नसेल किंवा मधूनच आचके येत असतील तर नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून, छाती वर येईल इतपत फुंकर पाच वेळा द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने तीस वेळा दाबा, मोठ्या माणसात पाच-सहा सेंटिमीटर खोल, मुलात छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, सेकंदाला जवळजवळ दोन या वेगाने. पुन्हा दोन फुंकरा, पुन्हा तीस. दुसऱ्याने तोवर १०८ लावावा. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा श्वास सुरू होईपर्यंत थांबायचे नाही. तोंडातून फेस आला तर पुसत बसू नका. याला सीपीआर (हृदय आणि श्वास पुन्हा सुरू करण्याचा प्रथमोपचार) म्हणतात. वाचून थोडे कळते, हाताला कळायला शिकावेच लागते. शाळेत, ग्रामपंचायतीत असे शिबिर भरवायला तुमच्या जवळच्या रुग्णालयाकडे मागणी करा.

बाहेर काढलेला माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात दाखवावेच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो. खोकला थांबत नसेल, श्वास जलद असेल, मूल सारखे पेंगत असेल, तर घरी नेऊ नका.

केरळमध्ये तलावात पोहलेल्या मुलांच्या मेंदूत अमीबा गेला अशा बातम्या वाचल्यापासून मी मुलांना नदीलाच काय, हौदालाही पाय लावू देत नाही. उनकेश्वरच्या गरम कुंडात तर हा किडा नक्की असणार ना? पाणी तोंडात गेले तरी होतो का? — एक आई, वाशिम

पाणी गिळल्याने होत नाही. या अमीबाचे नाव नेग्लेरिया फाउलेरी (कोमट गोड्या पाण्यात राहणारा एकपेशीय जीव). तो नाकातून वर जातो, वासाच्या नसांवाटे मेंदूपर्यंत. एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. जगभर आजही हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक रुग्ण दगावतात, म्हणून भीती वाटणे साहजिक आहे. केरळातच २०२४ साली एक चौदा वर्षांचा मुलगा यातून वाचला, कारण आजार लवकर ओळखला गेला आणि उपचार लगेच सुरू झाले.

या अमीबाला आवडते उभे, कोमट, तळाला गाळ असलेले पाणी. उन्हाळ्यात आटत आलेले तळे, न धुतलेला हौद. थंडीतल्या वाहत्या नदीत धोका फारच कमी. गरम पाण्याच्या झऱ्यात तो असू शकतो, नक्की असतोच असे नाही. तेव्हा कुंडात मुलांनी डोके पाण्याखाली घालू नये, नाकात पाणी ओढायचे खेळ खेळू नयेत, तळाचा गाळ ढवळू नये. बसून अंगावर पाणी घेतले तर कसली काळजी नाही. नाकाला लावायची क्लिप खेळाच्या दुकानात मिळते, डुबक्या मारणाऱ्या मुलाला ती द्या. घरचा हौद घासून, वाळवून, क्लोरिन टाकलेल्या पाण्याने भरला की मुलांना खुशाल खेळू द्या. आणि घरात कुणी जलनेती करत असेल, तर ती उकळून गार केलेल्या पाण्यानेच करावी. याकडे कुणाचे लक्ष जात नाही, पण नाकात पाणी आपण तिथे मुद्दाम सोडत असतो.

पोहल्यानंतर साधारण बारा दिवसांच्या आत जोराची डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे, विचित्र बडबड असे दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगा की मूल अमुक दिवशी अमुक पाण्यात पोहले होते. बहुतेक वेळा निदान वेगळेच निघेल, पण ते वाक्य सांगायला विसरू नका.

माझ्या सासऱ्यांना सोरायसिस आहे, साखरही आहे. उनकेश्वरच्या पाण्याने कातडीचे रोग जातात म्हणून त्यांना तिथेच तासभर बसायचे आहे. न्यावे का? — एक सून, कळमनुरी तालुका

न्या, त्यांची श्रद्धा आहे आणि गंधकयुक्त कोमट पाण्याने खाज, खपल्या काही काळ निवतातही. सोरायसिस मुळापासून जाणार नाही, तेव्हा मलम-गोळ्या बंद करू देऊ नका. मला काळजी त्यांच्या पायांची आहे. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या तळपायांची जाणीव बधिर होते. पाणी पोळते आहे हे कळतच नाही आणि संध्याकाळी फोड दिसतात. तुमच्यापैकी कुणी आधी कोपर पाण्यात घालून बघा. कोपराला सोसवेल तरच त्यांनी पाय घालावेत. तासभर नव्हे, दहा मिनिटे. बाहेर आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे उलटून बघा. पायाला जखम किंवा भेग असेल तर या वेळी पाण्यात पाय घालूच नयेत. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला गरम पाण्यातून झटकन उठताना चक्कर येते, म्हणून हाताला धरून उठवा. फोड आलाच तर घरी फोडू नका, दवाखान्यात दाखवा.

लोणारचे पाणी गुलाबी झाले होते ते किरणोत्सर्गामुळे, असे आमच्या ट्यूशनच्या सरांनी सांगितले. त्या पाण्यात हात घातला तर काय होईल? — इयत्ता नववीतली एक विद्यार्थिनी

किरणोत्सर्ग नव्हता. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांनी गुलाबी रंगद्रव्य तयार केले. पाऊस आल्यावर रंग गेला. उल्का आदळून बसाल्ट खडकात झालेले हे विवर जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आहे आणि पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखा. बोट बुडाले तर काही होणार नाही, डोळ्यांत गेले तर चुरचुरेल, साध्या पाण्याने भरपूर धुवायचे. पोहायचे मात्र नाही. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. आंघोळीची हौस असेल तर वर मंदिराजवळची गोमुखाची धार आहे, तिचे पाणी गोडे असते.

मुलीची पाळी नेमकी सहलीत येणार. आजी म्हणते पाण्यात गेली तर रक्त साकळेल. — एक आई, कनेरगाव नाका

साकळत नाही, पाळी थांबतही नाही. पोहणे सुरक्षित आहे. कापडी किंवा साधे पॅड पाण्यात फुगून निरुपयोगी होते, इतकीच अडचण. मुलीला पाण्यात जायचे नसेल तर तिचा तो निर्णय मान्य करा, जायचे असेल तर गडद कपडे आणि बाहेर आल्यावर लगेच बदलायला आडोसा बघून ठेवा. पोटात फार दुखत असेल किंवा तासातासाला पॅड भरत असेल, तर सहल असो वा नसो, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

पोहून आल्यावर लहान्याचा कान ठणकतो. आम्ही लसूण घालून कोमट तेल सोडतो. बरोबर ना? — एक वडील, कनेरगाव नाका

तेलाने ऊब मिळते म्हणून बरे वाटते, पण पडद्याला भोक असेल तर ते तेल आत जाऊन संसर्ग वाढवते, आणि भोक आहे की नाही हे घरी कळत नाही. मान तिरपी करून पाणी निथळू द्या, बाहेरून कान टिपून घ्या, वयानुसार पॅरासिटामॉल द्या. कानाची पाळी ओढल्यावर दुखत असेल, पू येत असेल किंवा दोन दिवसांत थांबले नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ज्या मुलाचा कान पूर्वी फुटलेला आहे त्याने तज्ज्ञाला विचारल्याशिवाय डुबकी मारू नये.

आमच्या आई बहात्तर वर्षांच्या. गुडघे दुखतात, दम्याचा पंप चालू आहे. आयुष्यात एकदा अजिंठा बघायचा म्हणतात. आत त्यांचा जीव घाबरला तर? — एक मुलगा, कनेरगाव नाका

त्यांना न्या. आधी एकदा दवाखान्यात रक्तदाब आणि छाती तपासून घ्या. चार पायऱ्या चढल्यावर छातीत दाटून येत असेल किंवा डाव्या हाताला कळ येत असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याखेरीज निघू नका. एरवी दम्याच्या माणसाला लेण्यात विशेष त्रास होण्याचे कारण नाही. पंप पिशवीच्या तळाशी नको, त्यांच्या स्वतःच्या हातात हवा.

लेण्यांत अंधार असतो, चित्रांसाठी तो मुद्दाम राखलेला असतो. उन्हातून आत आल्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना, विशेषतः मोतीबिंदू असेल तर, दिसायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि नेमक्या त्याच वेळी उंबऱ्याला ठेच लागते. दाराशी थांबा, खांबाला हात लावून उभे राहू द्या, मग आत. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा पायात मोजे असू द्या. सगळी लेणी बघायचा हट्ट नको. पहिले, सोळावे आणि सतरावे निवांत बघितले तरी त्यांचे मन भरेल. खालून वर न्यायला डोली मिळते, भाडे बसण्याआधी ठरवून घ्या. आणि सोमवारी निघू नका, त्या दिवशी अजिंठा बंद असतो.